सातवा रकाना

२०१९ च्या नाताळानंतर मी सेवानिवृत्त झालो. सदतीस वर्षं चर्चचं पाळकपण केलं, त्यातली शेवटची अकरा नेवासे तालुक्यातल्या एका जुन्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये. निरोपाच्या उपासनेनंतर किल्ल्यांचा जुडगा नव्या पाळकांच्या हातात दिला आणि जवळच मुलानं बांधलेल्या घरात राहायला आलो. आपलं काम झालं, असं तेव्हा मनापासून वाटत होतं.

दोन वर्षांनी नव्या पाळकांचा फोन आला. "सलाम, पाळकसाहेब. जरा येऊन जाता का?" एका कुटुंबाला आजोबांच्या बाप्तिस्म्याचा उतारा हवा होता. त्यांनी लोखंडी पेटी उघडली, वही काढली, पान उलटलं आणि पानाचा कोपरा पापडासारखा मोडून हातात आला. मी पोचलो तेव्हा ते तुकडे त्यांनी स्टीलच्या ताटलीत गोळा करून ठेवले होते. एका तुकड्यावर अर्धं गाव होतं, दुसऱ्यावर नुसतं "वय अंदाजे". ताटलीकडे बघताना मला स्वतःचाच राग आला. ती पेटी अकरा वर्षं माझ्या खोलीत होती. तिच्यावर मी नाताळच्या झालरी आणि दिव्यांच्या माळा ठेवत होतो.

विवाहाच्या नोंदींचं एक बरं असतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे त्यांची प्रत सरकारकडे जाते. बाप्तिस्म्याची आणि दफनाची नोंद मात्र मंडळीच्या वहीत असते आणि तिथंच असते. वही गेली की ती माणसं गेली. मी त्याच संध्याकाळी सांगितलं, सगळ्या जुन्या वह्या मी उतरवून काढतो.

कमिटीपुढे विषय आला तेव्हा सगळ्यांनी आनंदानं होकार दिला. मग एक वडील, म्हणजे मंडळीच्या कारभारातले ज्येष्ठ, उठले. वयानं माझ्याहून मोठे, मंडळीसाठी आयुष्यभर राबलेले. ते म्हणाले, "सगळं उतरवा पाळकसाहेब, पण तो सातवा रकाना तेवढा गाळा. आता कशाला पोरांसोरांच्या डोळ्यापुढं ते?"

जुन्या बाप्तिस्मा-वहीत आठ रकाने आहेत. अनुक्रम, तारीख, नाव, बापाचं नाव, गाव, वय, पूर्वीची जात, आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. सातवा रकाना म्हणजे पूर्वीची जात.

त्या दिवशी मी त्यांना विरोध केला नाही. किंबहुना मला त्यांचं पटलंच. का पटलं, ते पुढे सांगतो.

काम सुरू केलं ते पावसाळा संपल्यावर. दमट हवेत जुना कागद उघडायचा नाही, एवढं कळत होतं. बाकीचं हळूहळू शिकलो. सकाळी आठ ते दहा, खिडकीपाशी, वही उशीवर ठेवून. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, मग रंगकामाच्या मऊ ब्रशानं धूळ आणि कसरीची पूड झाडायची, मगच वाचायचं. कुणीतरी काही पानांना चिकटपट्टी लावली होती. ती मधासारखी पिवळी पडली होती आणि खालची अक्षरं तिच्यात विरघळली होती. जुनी शाई काही ठिकाणी कागद खाऊन आरपार गेली होती, त्यामुळे "म" च्या पोटातून मागच्या पानाचं अक्षर दिसायचं. नात अकरावीत होती, ती लॅपटॉपवर तक्ता भरायची. मी वाचायचो, ती लिहायची. अडलं की म्हणायची, "आबा, परत."

वह्यांच्या शिक्क्यांवरूनच आमचा इतिहास कळतो. पहिल्या वह्या अमेरिकन मराठी मिशनच्या. त्या मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. पुढच्या वह्यांवर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, कारण १९२४ साली तो संघ झाला. १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. ते ऐक्य २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झालं, तेव्हा मी शाळेत होतो आणि वडील घरी येऊन "आता आपण सगळे एक" असं म्हणाले होते. शिक्के बदलले, सह्या बदलल्या, शाई काळ्याची निळी झाली. गावं तीच राहिली आणि आडनावंही तीच.

सहीच्या जागी सुरुवातीच्या पानांवर फुली असते आणि शेजारी लिहिणाऱ्यानं "निशाणी" असं लिहिलेलं. पुढच्या पिढीत फुल्या कमी होतात. नातवंडांच्या लग्नात मुलीसुद्धा स्वतःच्या हातानं सही करतात, मोठ्या, गोल, शाळेत गिरवलेल्या अक्षरांत. नगरला सिंथिया फरारबाईंनी मुलींसाठी शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी तिथं अध्यापनाचं शिक्षण घेतलं, हे मी वर्धापनदिनाच्या भाषणांत कितीदा सांगितलं असेल. पण फुलीपासून सहीपर्यंतचं ते अंतर वहीत बोटानं मोजता आलं तेव्हा माझा आवाज भरून आला. नातीनं पाण्याचा पेला पुढे केला.

सगळ्यात जास्त दिवस लागले ते १८७६ ते १८७९ या पानांना.

हा मोठ्या दुष्काळाचा काळ. लहानपणापासून मी एक वाक्य ऐकत आलो होतो: "हे पोटासाठी बाटलेले." शाळेत ऐकलं, एस.टी. स्टँडवर ऐकलं, एकदा एका शिकलेल्या माणसानं सभेत माझ्यासमोर म्हटलं. पाळक म्हणून मी त्याचं उत्तर नेहमी एकच द्यायचो: नाही, आमच्या पूर्वजांचा विश्वास खरा होता, पोटाचा काही संबंध नव्हता. आणि मनात धाकधूक असायची की वह्या उघडल्या तर काय निघेल.

वह्या उघडल्या. आमच्या मंडळीच्या पानांवर दुष्काळाच्या ऐन दोन वर्षांत बाप्तिस्मे थोडे आहेत. त्या वर्षांत भरली आहे ती दफनाची वही. "ताप", "पटकी", "हगवण". तीन ठिकाणी मृत्यूच्या कारणात एकच शब्द आहे, "भूक". एका पानावर एकाच घरातली चार नावं दीड महिन्यात. बाप्तिस्मे वाढतात ते पाऊस झाल्यावर, पिकं घरात आल्यावर. म्हणजे ज्यांना धान्य मिळालं ते त्याच दिवशी ओळीत उभे राहिले, असं ही वही सांगत नाही. वाचलेल्यांनी वर्ष-दोन वर्षं बघितलं, विचार केला आणि मग ते आले.

पण एवढं सापडल्यावर मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही, आणि हे मला नीट सांगायचं आहे. समजा ते भुकेपायीच आले असते, तर? १९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. रोजगार हमीच्या कामावर आईबरोबर खडी फोडली आहे. दुपारी सुकडी मिळायची, ती ओंजळीत घेऊन उभ्यानं खायचो. ती सुकडी देणाऱ्याबद्दल माझ्या मनात तेव्हा जे होतं, ते कृतज्ञतेच्या पलीकडचं होतं. माणसाला कुणीतरी "ये, खा" म्हणावं, आणि म्हणताना हात वर धरून टाकू नये, विटाळ मानू नये, याची किंमत ज्याला रोज पोटभर मिळतं त्याला कळायची नाही. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना मराठीत आपण म्हणतो तिच्यात "आमची रोजची भाकर" आहे. भाकर मागायला प्रभूनंच शिकवलं. मग पोटासाठी आले असतील तरी त्यात लाज कसली? मी सदतीस वर्षं चुकीचं उत्तर देत होतो. पूर्वजांच्या भुकेची मला लाज वाटत होती, आणि ती मी विश्वासाच्या बोलण्याखाली झाकत होतो.

आता सातवा रकाना.

त्यात पानामागून पान "माहार" लिहिलं आहे. कुठं "म्हार", कुठं नुसतं "मा." आणि खाली बरोबरीच्या रेघा. मधेमधे "मांग". क्वचित एखादा कुणबी, एखादा ब्राह्मण, आणि त्यांच्या नोंदीची शाई जरा ठळक, अक्षर जरा मोठं. लिहिणाऱ्यालाही ते महत्त्वाचं वाटलं असणार. मंडळीच्या पहिल्या दिवसापासून प्रवचनात गलतीकरांस पत्र वाचलं जात होतं, ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद नाही म्हणून, आणि उपासना संपल्यावर त्याच टेबलावर हा रकाना भरला जात होता.

१९८६ साली मी तरुण पाळक होतो. पहिल्या मंडळीतली जुनी बाप्तिस्मा-वही संपली तेव्हा नवी छापून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवा रकाना काढून टाकला. सात रकान्यांची सुंदर, कापडी बांधणीची वही नगरला छापून आणली आणि रविवारी वेदीवर ठेवून लोकांना अभिमानानं सांगितलं, आजपासून आपल्या वहीत जात नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेचे अर्ज घेऊन आईबाप यायचे तेव्हाही मी सांगायचो, धर्म ख्रिस्ती लिहा, जातीच्या जागी रेघ मारा. ते माझं ऐकायचे. पाळकानं सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं, असं मानणारी माणसं.

१९९३ ची गोष्ट. आमच्यातल्या एका मुलाच्या लग्नाची वरात बँड लावून गावातून निघाली. मारुतीच्या देवळापाशी अडवली. नवरदेवाच्या धाकट्या भावाला खाली पाडून मारलं, त्याचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. मारताना त्याला ख्रिस्ती म्हणून शिवी दिली नाही कुणी. आजोबाच्या, पणजोबाच्या जातीवरून दिली, तीही अशी की मी इथं लिहू शकत नाही. रात्री मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात होतो. तिथल्या अधिकाऱ्यानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला, वाचला आणि परत दिला. "धर्म ख्रिश्चन आहे. ॲट्रॉसिटी लागत नाही." साध्या मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला. पुढे तडजोड झाली.

त्या दाखल्यावर जातीच्या जागी रेघ होती. तो अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो.

मी जात लिहायला सांगितली असती तरी कायदा लागला नसता, हे मला ठाऊक आहे. १९८९ चा तो कायदा अनुसूचित जातीच्या माणसाला संरक्षण देतो, आणि अनुसूचित जात कुणाला म्हणायचं ते १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. माझ्या पणजोबांचे सख्खे भाऊ ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांची नातवंडं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाली. एकाच वाड्यातली माणसं, एकाच विहिरीवर मज्जाव सोसलेली. त्यांना जे मिळालं ते हक्काचं मिळालं आणि त्याचा मला आनंद आहे. आम्हा चुलत भावंडांत त्यावरून कधी वाकडं आलं नाही. एकदा त्यांच्यातलाच एक भाऊ मला म्हणाला, "दादा, तुमची जात कायद्यानं पुसली, पण गावानं कुठं पुसली?" 

मग त्या रेघेनं काय बिघडलं? हे मला सुसैच्या खटल्यामुळे कळलं. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसणारा हा चांभार. अनुसूचित जातीच्या चांभारांना सरकारनं फुकट टपऱ्या दिल्या तेव्हा तो ख्रिस्ती म्हणून त्याला नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली निकाल विरुद्ध गेला, कारण धर्म बदलल्यावरही जातीची झळ तितकीच लागते, हे दाखवणारा पुरेसा पुरावा न्यायालयापुढे नव्हता. पुरावा! ज्या वर्षी न्यायालय पुरावा मागत होतं त्याच्या पुढच्या वर्षी मी रकाना काढून टाकून टाळ्या घेत होतो. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा असं सुचवलं, ते कागदावर राहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दरवर्षी १० ऑगस्टला आम्ही काळ्या फिती लावतो. आणि आमच्याच कपाटात दीडशे वर्षांचा पुरावा कसर खात होती.

हे मी नातीला वाचून दाखवायला लागलो त्या दिवशी ती टाइप करायची थांबली. तिनं विचारलं, "आबा, मग हा रकाना गाळायचा की नाही?" मी म्हटलं, उद्या सांगतो. रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट जास्त कठीण होती. ती घरातली होती.

विवाहाची वही आणि बाप्तिस्म्याची वही समोरासमोर ठेवली की कळतं, कुणाचं लग्न कुणाशी लागलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्याच्या बापाचा बाप्तिस्मा शोधायचा, सातवा रकाना बघायचा. नवरीचं तसंच. मी पंधरा दिवस हेच केलं. सगळ्या वह्यांत माहार घरातला मुलगा आणि मांग घरातली मुलगी, किंवा उलट, अशी लग्नं मला दोनच सापडली. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं. मी स्वतः त्यांना तो प्याला दिला आहे. १९९८ साली असाच एक मुलगा आणि मुलगी माझ्याकडे आली होती, आम्हाला लग्न करायचंय म्हणून. मुलाचे वडील मंडळीचे खजिनदार. मी मुलाला सांगितलं, घरच्यांना सांभाळून घे, घाई नको, प्रार्थना कर. एवढंच. मी ठामपणे उभा राहिलो असतो तर कदाचित झालं असतं. ते लग्न झालं नाही. मुलीनं पुढे मंडळी सोडली.

म्हणजे रकाना वहीतून काढून काही झालं नव्हतं. तो आमच्या बैठकीत होता, सोयरिकीत होता, कुणाच्या घरी चहा प्यायचा यात होता. सरकारनं आमची जात नाकारली यावर आम्ही मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण आमच्याहून खालचं म्हणून ज्यांना आम्ही मानलं, त्यांच्या बाजूनं मंडळीत कुणी मोर्चा काढला नाही. मीही नाही.

पुढच्या कमिटीत मी उभा राहिलो आणि सांगितलं की सातवा रकाना आहे तसा उतरवणार. "माहार" असेल तिथे "माहार", "म्हार" असेल तिथे "म्हार", अक्षर न बदलता. १९८६ ची माझी वही दाखवली आणि माझी चूक काय झाली तेही सांगितलं. ते वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बानं आम्हाला सांगितलं होतं, हे नाव घरात काढायचं नाही. तुम्ही ते छापणार." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना दुखवून मला हे करायचं नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. शेवटी असं ठरलं की पूर्ण प्रत मंडळीच्या कपाटात कुलुपात राहील आणि उतारा देताना ज्याचं कुटुंब आहे त्यानं मागितलं तरच सातवा रकाना द्यायचा. हा तोडगा मला तेव्हा अपुरा वाटला. आता वाटत नाही. ज्यानं सोसलं त्याच्या हातात ते असावं, हे बरोबर आहे. ते वडील अजून माझ्याशी पहिल्यासारखे बोलत नाहीत. मी दर रविवारी आपणहून सलाम करतो, ते मान हलवतात.

आता शेवटचं, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात जवळचं.

१८७९ च्या पानावर माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा आहे. नाव, बापाचं नाव, गाव, वय अंदाजे ३०, माहार. त्यांच्याखालच्या ओळीत नावाच्या रकान्यात फक्त "याची बायको", वय अंदाजे २५. माझी पणजी. तिचं नाव घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनी तिला पाहिलं नव्हतं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, ते तिला "आई" म्हणत, आणि आईला नावानं कोण हाक मारतं. त्या पानावर अशा बायका ओळीनं आहेत. "याची बायको." "याची आई." "याची सून, विधवा." मत्तयाचं शुभवर्तमान नावांच्या यादीनं सुरू होतं. तिथं तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, आणि मग एक बाई आहे जिला नाव नाही, नुसतं उरीयाची बायको. मी ती वंशावळ नाताळात कितीदा वाचली, आणि भरभर वाचली, कारण लोक कंटाळतात. आता ती मला भरभर वाचता येणार नाही.

दफनाच्या वहीत शोधलं. तिथंही "अमक्याची आई, म्हातारी". सभासद-यादीत नाही. मी सोडून दिलं होतं.

पेटीच्या तळाशी वर्गणीच्या वह्या होत्या. कुणी त्यांना महत्त्व दिलं नव्हतं, मीही त्या सगळ्यात शेवटी ठेवल्या होत्या. पैशाची वर्गणी पुरुषांच्या नावावर. पण कापणीच्या सणाला धान्य आणायच्या त्या बाया, आणि ते मोजून घेणाऱ्यानं ज्यानं आणलं त्याचं नाव लिहिलं होतं, कारण हिशोब द्यायचा होता. बाजरी, मटकी, तूर. पायली, शेर, मापटं. तिथं माझ्या आजोबांचं नाव आलं, कंसात "मास्तर", आणि लगेच खाली: "मास्तरांची आई", आणि पुढे तिचं नाव. बाजरी, एक मापटं.

ते नाव मी इथं देत नाही, घरचं आहे. त्या सकाळी खोलीत मी एकटाच होतो, नात परीक्षेला गेली होती. मी ते मोठ्यानं उच्चारलं. आमच्या घरात ते शंभर वर्षांनी पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं.

कापणीच्या उपासनेला आम्ही बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचतो. शेताच्या पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभं राहायचं आणि काय म्हणायचं ते तिथं सांगितलं आहे. मी दरवर्षी टोपलीवर बोलत आलो, दानावर, कृतज्ञतेवर. टोपली घेऊन आलेल्या त्या माणसाला काय म्हणायचं आहे? माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्हाला गुलाम केलं, छळलं. आधी आपण कोण होतो ते सांगायचं, मग टोपली खाली ठेवायची. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलितांच्या बाजूनं देवाचा विचार मांडायला सुरुवात केली आणि पुढे याच वचनापाशी ते थांबले: इस्राएलानं आपलं मूळ असं उघड सांगितलं, तर दलित ख्रिस्त्यानंही आपलं सांगावं. तेव्हा मी सेवेत नव्याने आलो होतो. त्यांचं लिखाण वाचलं होतं, परिषदांत त्यावर बोललोही होतो. मापटंभर बाजरीची ती ओळ सापडेपर्यंत ते माझ्या अंगाला लागलं नव्हतं.

काम दोन वर्षं चार महिने चाललं. तीन प्रती झाल्या, फोटो वेगळे. जुन्या वह्या सुती कापडात बांधून, मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवून नव्या लोखंडी कपाटात ठेवल्या. पेटी भंगारात द्यायची नाही असं नव्या पाळकांनी ठरवलं, ती रिकामी तिथंच आहे.

त्या वर्षीच्या कापणीच्या उपासनेला नव्या पाळकांनी मला शास्त्रपाठ वाचायला सांगितला. मी सव्विसावा अध्याय वाचला. त्या वडिलांची बाजरीची टोपली पहिली आली. मी खाली उतरून ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोजणाऱ्या मुलीला सांगितलं, ज्यानं आणलं त्याचं नाव लिही, घरातल्या बाईनं आणलं असेल तर तिचं लिही. "नाव सांगा," ती वडिलांना म्हणाली. ते क्षणभर घुटमळले, मग त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन १८७९ च्या पानाची माझी प्रत उघडली. "याची बायको" तसंच ठेवलं. समासात पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: वर्गणी वही, कापणीचा सण, बाजरी एक मापटं.